पूर ओसरल्यावर भिंतींचा पैसा कुठून येतो?

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. धोक्याची पातळी ४५ फूट. पाणी उतरले, गाळ उपसला गेला, पंचनामे झाले आणि घरटी मदतीवरून वादही झाले. खचलेला रस्ता आणि भिजलेली शाळा कुणाच्या पैशाने उभी करायची, हा प्रश्न मात्र नेहमीप्रमाणे मागे पडला. त्याचे मूळ पुरात नाही, दुष्काळात आहे.

१८७६-७८ च्या दुष्काळानंतर ब्रिटिश सरकारने दुष्काळासाठी वर्षाला दीड कोटी रुपये बाजूला काढायचे ठरवले. मग दुष्काळ संहिता, म्हणजे दुष्काळात मदत कशी करायची याचे नियम, आल्या. मदत म्हणजे काम देऊन माणूस जगवणे, शेतसारा सोडणे. इमारती त्या हिशेबात नव्हत्याच. स्वातंत्र्यानंतर दुसऱ्या वित्त आयोगाने राज्यांच्या खर्चात मदतीसाठी थोडी रक्कम धरायला सुरुवात केली. १९९० पासून नवव्या आयोगाच्या शिफारशीने प्रत्येक राज्यात आपत्ती निवारण निधी आला: देशभरासाठी वर्षाला ८०४ कोटी, त्यातले ७५ टक्के केंद्राचे, २५ टक्के राज्याचे. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानंतर, २०१० पासून त्याची जागा राज्य आपत्ती प्रतिसाद निधीने घेतली. महाराष्ट्रासारख्या राज्यांसाठी वाटा तोच राहिला.

निधी वाढला तरी तो कशावर खर्चायचा याच्या निकषांतली दृष्टी जुनीच. रस्ते, पाणीयोजना, शाळा, आरोग्य केंद्रे यांची ‘तातडीची’ डागडुजी बसते, तीही कमाल मर्यादेत. प्राथमिक शाळेला आधी दीड लाख, आता दोन लाख. तेवढ्यात छप्पर झाले तर फरशी राहते. सरकारी कचेऱ्या, कर्मचाऱ्यांची निवासस्थाने, न्यायालयाचे आवार, क्रीडांगणे निकषांबाहेर. म्हणजे ज्या कचेरीतून पंचनाम्याचे कागद हलतात, तिच्याच भिंतीला या निधीतून पैसा नाही!

म्हणून मोठ्या पुरानंतर वेगळी वाट शोधावी लागते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला, तेव्हा कुठे पावसाचे पाणी वाहून नेणाऱ्या मुंबईच्या वाहिन्या सुधारण्याचा १९९३ चा ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवाल कपाटाबाहेर आला आणि २००७ मध्ये केंद्राने या पर्जन्यवाहिन्यांसाठी १,२०० कोटी मंजूर केले. सगळ्या शहरांच्या नशिबी मुंबईचे वजन नसते. चिपळूण-महाडच्या २०२१ च्या महापुरानंतर राज्याने जाहीर केलेल्या ११,५०० कोटींत तातडीच्या मदतीला १,५०० कोटी, पुनर्बांधणीला ३,००० कोटी आणि पुढचे पूर टाळण्याच्या कामांना ७,००० कोटी होते. तिन्ही गोष्टी वेगळ्या मांडल्या गेल्या, हे त्यातले चांगले.

पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२६ साठी पुनर्प्राप्ती व पुनर्बांधणीला आपत्ती निधीचा ३० टक्के वाटा स्वतंत्र राखून ठेवला. तो कसा वापरायचा याच्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचना ऑगस्ट २०२४ मध्ये निघाल्या. तोवर चिपळूणच्या पुराला तीन वर्षे होऊन गेली होती.