नहराची पाळ आणि पहाटेची धाव

चंद्रपूर जिल्ह्यातल्या सावली तालुक्यात असोलामेंढा जलाशयाच्या नहरावर डिसेंबरातल्या पहाटे उभं राहिलं, की आधी आवाज येतो आणि माणूस मागून दिसतो. मुरमावरची पावलं करकर वाजतात, मग धुक्यातून पाच-सहा पोरं बाहेर पडतात. त्यांच्यामागे दोन मुली असतात, एकीच्या मुठीत मोबाइल आणि त्यावर स्टॉपवॉच चालू. एका हाताला नहर, दुसऱ्या हाताला कापणी झालेल्या धानाच्या बांध्या आणि त्यात रचून ठेवलेले पुंजणे. दूर कुठे चढ नाही, उतार नाही.

गावात मैदान नसतं. डांबरी रस्त्यावर पहाटेपासून ट्रॅक्टर आणि टिप्पर धावतात. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, पाय ठरत नाही. म्हणून पोरं नहराच्या पाळीवर येतात. पण ही पाळ इतकी सपाट आणि इतकी मोकळी कशी राहिली, याचं उत्तर सव्वाशे वर्षं मागे जाऊन शोधावं लागतं.

पूर्व विदर्भात पाण्याची गोष्ट सुरू होते ती तलावापासून. गोंड राजांच्या काळात तलाव बांधणाऱ्याला जमीन मिळे. कोहळी समाजाने त्या आधारावर भंडारा-चांद्याच्या (आताच्या चंद्रपूरच्या) भागात शेकडो तलाव उभे केले. पाळ, पाणी सोडायचं तुडुम, जादा पाणी वाहून जायला सलंग आणि पुढे पाट, हे शब्द आजही जुन्या माणसांच्या तोंडी आहेत. मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, गेली, १९५१ मध्ये तलाव सरकारकडे आले, तरी नाव माजी मालगुजारी तलाव असंच राहिलं. पण तलावाच्या पाळीवर धावायला जागा फार नसते. थोडं अंतर गेलं की पाळ उंचवट्याला टेकते आणि संपते.

लांबच लांब पाळ आली ती दुष्काळामुळे. १८९६-९७ आणि पाठोपाठ १८९९-१९००, अशा दोन दुष्काळांनी मध्य प्रांत होरपळून निघाला. गावाचा तलाव गावाच्याच पावसावर भरतो. पाऊस गेला की तलावही गेला, हे तेव्हा फार क्रूरपणे कळलं. १९०१ मध्ये सर कॉलिन स्कॉट-मॉन्क्रीफ यांच्या अध्यक्षतेखाली भारतीय सिंचन आयोग नेमला गेला. तोवर या प्रांतात सरकारी सिंचन नावालाच होतं. त्यानंतरच्या पाव शतकात रामटेकजवळ खिंडसी, नागभीडजवळ घोडाझरी आणि सावलीकडे असोलामेंढा असे मोठे जलाशय झाले. त्यांतून निघालेले नहर एका गावाचं पाणी दुसऱ्या गावाला नेऊ लागले.

धावणाऱ्याने इथे जरा थांबावं, कारण त्याच्या पायाखालची सपाटी याच कामातून आली आहे. नहरातलं पाणी पंपाने ढकललेलं नसतं, ते आपल्या वजनाने वाहतं. उतार जास्त दिला तर पाणी काठ खातं, कमी दिला तर गाळ बसतो. म्हणून किलोमीटरमागे अनेकदा वीतभरच उतार ठेवतात. तो साधायचा तर नहराला सारख्या उंचीची जमीन धरून जावं लागतं. टेकाड आलं की वळसा, नाला आला की जलसेतू. नकाशावर नहर उगाच वळणं घेतल्यासारखा दिसतो, पण त्याचं प्रत्येक वळण दुर्बीण लावून, पातळी मोजून ठरलेलं आहे. पाच किलोमीटर धावूनही तुम्ही जेमतेम हातभर-दोन हात खाली उतरलेले असता. मला या गोष्टीचं अजूनही अप्रूप वाटतं. आणि ही माती फावड्या-टोपल्यांनी हललेली आहे, बायामाणसांच्या डोक्यावरून.

पाळीवरचा रस्ता प्रवाशांसाठी नव्हताच. पाळ कुठे फुटते, पाणी कुठे पाझरतं, हे पाहायला सिंचनाच्या माणसांनी फिरावं म्हणून तो ठेवला. साहेब घोड्यावरून जाई, चौकीदार पायी. गाड्या आणि जनावरं पाळीवरून परवानगीशिवाय नेऊ नयेत, असं सिंचनाच्या जुन्या कायद्यांनीच सांगितलेलं. त्यामुळे पाळ तुडवली गेली नाही. काठाचे साखळी क्रमांकाचे, म्हणजे नहराच्या सुरुवातीपासूनचं अंतर सांगणारे, दगडही तपासणीसाठीच लावलेले. आज त्याच दगडांवरून पोरं अंतर धरतात.

स्वातंत्र्यानंतर हे जाळं वाढलं. गाढवी नदीवरच्या इटियाडोह धरणाचं पाणी लाखांदूर, देसाईगंज, आरमोरीकडे गेलं. पेंच प्रकल्पाचे नहर रामटेक-मौद्याकडे आले. पवनी तालुक्यात गोसीखुर्द धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते झाली. त्याचा ९९ किलोमीटरचा उजवा कालवा असोलामेंढ्याला येऊन मिळतो.

धावणं मात्र पाळीवर बरंच उशिरा आलं. विदर्भात व्यायाम म्हणजे आखाडा, कुस्ती, मल्लखांब. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चं, त्यांच्या चमूने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली. नुसतं धावायला कोणी घराबाहेर पडत नसे. पाळीवर पोरं आली ती भरतीसाठी. पोलीस भरतीत पूर्वी मुलांना ५ आणि मुलींना ३ किलोमीटर असे. आता १६०० आणि ८०० मीटर, आणि मैदानी चाचणीच्या ५० पैकी २० गुण त्यावर. वनरक्षकाला अजून लांब पल्ला लागतो. मुलींचं येणं १९९४ च्या महिला धोरणाशी जोडलेलं आहे, नोकरीत ३० टक्के जागा आल्या तेव्हा बापही मुलीला पहाटे उठवू लागले. भरतीनंतरही काहींची सवय सुटत नाही. मास्तर, दुकानदार, बाळंतपणानंतर चालायला निघालेल्या बाया, आता सगळेच तिथे भेटतात.

धानाला शेवटचं पाणी लागतं तेव्हा, सप्टेंबर-ऑक्टोबरात, नहर तुडुंब असतो. फाल्गुनात तो कोरडा पडतो आणि पळस पेटलेला असतो. गोंदियाकडे बांध्यांत सारसाची जोडी दिसली तर वेग कमी करावा. मोह वेचायच्या दिवसांत ब्रह्मपुरी-सावलीच्या जंगलालगत एकट्याने जाऊ नये, वाघ खरोखरच असतो. आणि काँक्रीटच्या नव्या नहरात पाय धुवायला उतरू नये. मातीच्या काठावरून जनावरसुद्धा वर येतं, अस्तरीकरणाच्या घसरड्या उतारावर पोहणाऱ्याचाही हात टिकत नाही.

गेल्या काही वर्षांत गोसीखुर्दच्या लाभक्षेत्रात शेतापर्यंतचं पाणी बंद नळांतून न्यायचं काम चालू आहे. पाणी वाचतं, जमीन वाचते, शेतकऱ्याला ते हवंच आहे. नळ जमिनीखालून गेला की वर पाळ लागत नाही. मुख्य नहरांच्या पाळी मात्र अजून आहेत, आणि दगड ते दगड धावणारी ती मुलगी परवा ८०० मीटरला आधीपेक्षा चार सेकंद लवकर पोचली.