मतपत्रिकेवरची काट

मार्च 2026 च्या स्थानिक निवडणुकीत फ्रान्सच्या छोट्या गावांतल्या मतदाराला मतपत्रिकेवर पेन चालवायची मुभा उरली नव्हती. बाहेरच्याला हा किरकोळ तपशील वाटेल. गावांत मात्र कुरबूर होती ती याचीच.

‘कॉम्यून’ म्हणजे फ्रान्समधलं गाव-शहर चालवणारं सगळ्यांत खालचं एकक; त्याला मराठीत नेमका शब्द नाही. ग्रामपंचायत म्हणावं तर मार्सेय शहरही कॉम्यूनच. नगरपालिका म्हणावं तर शंभराच्या आतली वस्तीही कॉम्यूनच. डिसेंबर 1789 च्या कायद्याने जुन्या पॅरिशांच्या, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीतल्या वस्त्यांच्या, जागी हे एकच माप सगळ्यांना लावलं आणि आजही अशी सुमारे 35,000 मापं शिल्लक आहेत. 1884 पासून लोक कौन्सिल निवडतात आणि कौन्सिल मेअर. बायकांनी यात पहिल्यांदा मत दिलं ते थेट 1945 मध्ये.

खरी गंमत ‘पानाशाज’ची. शब्द आला रंगीबेरंगी पिसांच्या तुऱ्यावरून. बिअरमध्ये लेमोनेड मिसळलं की त्यालाही ‘पानाशे’च म्हणतात. मतदानात याचा अर्थ सरमिसळ. पडद्याआड जायचं, छापील यादीतलं नको ते नाव खोडायचं, वर दुसऱ्या यादीतलं लिहायचं. 2014 पूर्वी तर उभाच न राहिलेला शेजारीही लिहिता येई, आणि तो बिचारा न मागता निवडून येई. रात्री मोजणीला नावं मोठ्याने वाचली जात, समोर रेघा ओढल्या जात. सगळी यादी निवडून आली तरी मेअरला सगळ्यांत कमी रेघा पडल्या हे अख्ख्या गावाला कळे. पुढची 6 वर्षं ते कोणी विसरत नसे.

ही मुभा आधी 3,500 लोकवस्तीच्या आतल्या गावांत होती. 2013 च्या कायद्याने ती 1,000 च्या आत आणली. मे 2025 मध्ये तीही गेली. आता सगळीकडे एकाआड एक बाई-पुरुष अशी बंद यादी. कारण साधं आहे: मोठ्या कॉम्यूनमध्ये बायका निम्म्याच्या जवळ पोहोचल्या, छोट्यांत 40 टक्क्यांवरही नव्हत्या. खोडाखोडीत बायकांचीच नावं आधी जातात, असंही बाजूने बोलणारे म्हणत. विरोधकांचा मुद्दा वेगळा. दीडशे माणसांच्या गावात यादीभर तयार माणसं आणायची कुठून? म्हणून दोन नावं कमी असली तरी चालेल, अशी सवलत कायद्यात घातली गेली. हेतूशी कोण भांडेल? पण दहापैकी सात कॉम्यून हजार वस्तीच्या आतल्याच आहेत, हे पॅरिसमध्ये ठरवताना कितपत ध्यानात होतं कोण जाणे.

बऱ्याच गावांत उभी राहते ती एकच यादी. तिथे विरोध म्हणजे एखाद-दुसरं नाव खोडणं, एवढंच असे. आता यादी आहे तशी पाकिटात घालायची, नाहीतर कोरं पाकीट टाकायचं. आणि सवयीने एखादी काट मारलीच, तर ती मतपत्रिका बाद.