लाळेतील जीवाणू व हिरड्यांचे रोग

लाळ ग्रंथीतून पाझरते तेव्हा ती जवळजवळ निर्जंतुक असते. जीभ, गाल आणि दातांवरून सुटलेले जीवाणू तोंडात आल्यावर तिच्यात मिसळतात. एका मिलिलिटरमध्ये ते साधारण १० कोटी असतात. दिवसाकाठी अर्धा ते दीड लिटर लाळ आपण गिळतो आणि तिच्यासोबत हे वाहते जीवाणूही पोटात जातात. उपद्रव होतो तो चिकटून राहणाऱ्यांचा.

लाळेतील प्रथिनांचा पातळ पापुद्रा दातावर बसतो. त्यावर आधी स्ट्रेप्टोकॉकस जातीचे जीवाणू घर करतात आणि थर जाडावला की हिरडीच्या कडेखाली प्राणवायूविना जगणाऱ्यांना आसरा मिळतो. पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस हा त्यांतला कुप्रसिद्ध. डेन्मार्कमधील एका प्रयोगात (१९६५) निरोगी स्वयंसेवकांनी दात घासणे थांबवले, तेव्हा १० ते २१ दिवसांत त्यांच्या हिरड्या सुजल्या. घासणे सुरू होताच साधारण आठवड्यात त्या पूर्ववत झाल्या. सूज खोलवर पसरून दातांभोवतीचे हाड झिजू लागले, की मात्र ते आपोआप भरून येत नाही. पू येतो, दात हलतात. बोलीत याला पायोरिया म्हणतात.

लाळ राखणही करते: तिच्यातील लायसोझाइम जीवाणूंची भित्तिका फोडते. मात्र तिच्यातलेच कॅल्शियम थरात साचून त्याचे टणक कीटण होते. खालच्या पुढच्या दातांमागे ते जास्त दिसते, कारण लाळग्रंथींची तोंडे तिथेच उघडतात.

कोकणात या विषयाला मशेरीचा फाटा आहे. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजून केलेली ही पूड रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंत, विशेषतः वयस्क बायका, दातांना लावतात. ‘मशेरीने हिरड्या घट्ट होतात’ ही समजूत घरोघरी ऐकू येते. निकोटीनने रक्तवाहिन्या आकसतात. त्यामुळे रोग असूनही रक्त कमी दिसू शकते, आणि हा दिलासा फसवा असतो. सतत मशेरी घासली जाते त्या जागी हिरडी मागे सरून दाताचे मूळही उघडे पडते. त्यात मशेरीने तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो तो वेगळाच.

लाळेच्या तपासणीत रोगकारक जीवाणू सापडले तरी तेवढ्यावरून निदान होत नाही. दंतवैद्य बारीक सळईने हिरडी व दातामधली खोली मोजतात. १ ते ३ मिलिमीटर खोली सर्वसाधारण मानतात. त्यापुढे गेल्यास क्ष-किरण चित्रात हाडाची झीज पाहिली जाते.