‘स्विंग स्टेट’ आली कुठून?

न्यू जर्सीतलं ट्रेंटन आणि पेनसिल्व्हेनियातलं मॉरिसव्हिल यांच्यामध्ये डेलावेअर नदीवर एक जुना लोखंडी पूल आहे. ‘ट्रेंटन मेक्स, द वर्ल्ड टेक्स’ ही मोठाली अक्षरं त्यावर बसवलेली आहेत. रात्री ती उजळतात. पूल संपला की बक्स काउंटी सुरू होते. २०२४च्या ऑक्टोबरात कमला हॅरिस या काउंटीत वॉशिंग्टन क्रॉसिंगला सभेसाठी आल्या, आणि त्यानंतर चारच दिवसांनी डोनाल्ड ट्रम्प जवळच्या फीस्टरव्हिलच्या मॅकडोनाल्डमध्ये अ‍ॅप्रन बांधून फ्राईज तळत होते. न्यू जर्सीच्या मतदाराची मनधरणी करायची गरज दोघांनाही नव्हती. ते राज्य १९९२ पासून प्रत्येक अध्यक्षीय निवडणुकीत डेमोक्रॅट्सकडे गेलंय. एडिसनमधल्या मराठी घरांतली मतं मोजली जातात, पण निकाल त्यांच्यावर अडत नाही. तीच माणसं नदीपलीकडे राहायला गेली, तर दोन्ही पक्षांचे कार्यकर्ते त्यांचं दार ठोठावतील. पेनसिल्व्हेनियासारख्या, कुठल्याही पक्षाकडे झुकू शकणाऱ्या राज्याला ‘स्विंग स्टेट’ म्हणतात.

हा फरक अमेरिकेच्या राज्यघटनेनं केला, असं सर्रास म्हटलं जातं. ते अर्धंच खरं आहे. १७८७ साली फिलाडेल्फियात घटना लिहिताना अध्यक्षाची थेट निवड व्हावी असं जेम्स विल्सन यांच्यासारख्यांचं म्हणणं होतं. पण गुलामांना मत नव्हतं, त्यामुळे थेट मतदानात दक्षिणेची राज्यं मागे पडली असती. प्रतिनिधिगृहाच्या जागा ठरवताना मात्र दर पाच गुलामांमागे तीन माणसं धरायची, असा सौदा झालेला होता. अध्यक्षाची अंतिम निवड राज्याराज्यांतून आलेल्या प्रतिनिधींचं मतदारमंडळ (इलेक्टोरल कॉलेज) करतं. त्याला हाच हिशेब लागू झाला आणि दक्षिणेचं वजन वाढलं. या व्यवस्थेच्या मुळाशी गुलामगिरीचं हे गणित आहे आणि ते विसरून चालणार नाही.

घटनेनं एवढंच सांगितलं की प्रत्येक राज्यानं मतदारमंडळावरचे आपले प्रतिनिधी आपल्या विधिमंडळाला वाटेल त्या पद्धतीनं निवडावेत. ‘ज्याला एक मत जास्त, मतदारमंडळातली राज्याची सगळी मतं त्याचीच’ हा नियम त्यात कुठेही नाही. महाराष्ट्रात लोकसभेच्या ४८ जागा आहेत. राज्यभरात ज्या पक्षाला चार मतं जास्त, त्याच्याच पदरात सगळ्या ४८ जागा टाकल्या तर काय होईल, याची कल्पना करा. अमेरिकेत ५० पैकी ४८ राज्यांत आज तेच होतं.

याचं ठळक उदाहरण व्हर्जिनियाचं. १७९६ साली तिथे जिल्हावार, म्हणजे एकेका मतदारसंघातून एकेका प्रतिनिधीची, निवड होती आणि जॉन अ‍ॅडम्स यांनी प्रतिस्पर्धी थॉमस जेफरसन यांच्याच राज्यातून मतदारमंडळाचं एक मत खेचून नेलं. एकूण निकाल होता ७१ विरुद्ध ६८. इतक्या अटीतटीत ते एक मत जेफरसन यांच्या माणसांना झोंबलं. जानेवारी १८०० मध्ये जेफरसन यांनी जेम्स मन्रो यांना लिहिलेल्या पत्राचा आशय असा, की सगळीकडेच जिल्हावार निवड झाली तर ती उत्तम. पण इतर राज्यं एकगठ्ठा मतं देत असताना आपण तसं न करणं हा मूर्खपणा आहे. व्हर्जिनियानं कायदा बदलला आणि २१ची २१ मतं जेफरसन यांना मिळाली. अ‍ॅडम्स यांच्या मॅसॅच्युसेट्सनंही जिल्हे मोडीत काढून निवड विधिमंडळाच्या हाती दिली. मग एकामागोमाग एक राज्यं याच वाटेनं गेली. १८३६ पर्यंत साउथ कॅरोलिना सोडलं तर सगळीकडे एकगठ्ठा पद्धत आली होती. घटना लिहिली तेव्हा जिल्हावार पद्धतच बहुतेकांच्या डोळ्यांसमोर होती, असं जेम्स मॅडिसन यांनी १८२३ साली लिहून ठेवलं, पण तोवर उशीर झाला होता.

एकदा एकगठ्ठा पद्धत आली की कुंपणावरची राज्यं आपोआप तयार होतात. जे राज्य हातचं आहे तिथे घाम गाळण्यात अर्थ नसतो, आणि हातचं गेलेलं आहे तिथेही नसतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अशी मोठी राज्यं दोन होती: न्यूयॉर्क आणि इंडियाना. १८८४ साली न्यूयॉर्कमध्ये ११ लाखांहून जास्त मतं पडली आणि डेमोक्रॅट ग्रोव्हर क्लीव्हलँड यांना आघाडी मिळाली हजार-अकराशेची. तेवढ्यावर राज्याची ३६ मतं आणि अध्यक्षपद दोन्ही त्यांच्याकडे गेलं. मतदानाच्या आठवडाभर आधी सॅम्युअल बर्चर्ड या धर्मगुरूंनी प्रतिस्पर्धी जेम्स ब्लेन यांच्यासमोरच, डेमोक्रॅट्सना दारूच्या, रोमन कॅथलिकांच्या आणि बंडखोरीच्या परंपरेतला पक्ष म्हटलं होतं. आयरिश कॅथलिक मतदार भडकले. एका हॉटेलातल्या भाषणानं साऱ्या देशाची निवडणूक फिरली असं आजही मानलं जातं.

इंडियानात तर मतांचा बाजार भरला. १८८८ साली रिपब्लिकन पक्षाचे खजिनदार विल्यम डडली यांच्या नावाचं एक पत्र फुटलं. विकाऊ मतदारांचे पाच-पाचांचे गट करा, प्रत्येक गटावर पैशांसह भरवशाचा माणूस नेमा, असं त्यात लिहिलं होतं. पुढच्याच वर्षी इंडियानानं सरकारी छापील मतपत्रिका आणि गुप्त मतदान आणलं.

पुढे ही जागा इतर राज्यांकडे फिरत गेली. मिझुरी, ओहायो, फ्लोरिडा अशा एकेकाळच्या बेभरवशी राज्यांवर आता कोणी निवडणूक हरत-जिंकत नाही. मात्र २००० सालचा फ्लोरिडा विसरणं शक्य नाही. पंच केलेल्या कार्डांतून कागदाचा तुकडा पूर्ण निघाला की नुसता लोंबतोय, हे बघायला अधिकारी कार्ड उजेडाकडे धरत होते. ब्रॉवर्ड काउंटीचे न्यायाधीश रॉबर्ट रोझेनबर्ग भिंगातून कार्ड तपासताना डोळे ताणून बसले आहेत, हे छायाचित्र जगभर गेलं. सुमारे ६० लाख मतांत फरक निघाला ५३७चा. देशभरात अल गोर यांना पाच लाखांहून जास्त मतांची आघाडी होती, तरीही १२ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाच्या ५ विरुद्ध ४ निकालानं फेरमोजणी थांबली आणि जॉर्ज बुश अध्यक्ष झाले. २०१६ साली मिशिगन, विस्कॉन्सिन आणि पेनसिल्व्हेनिया यांतल्या मिळून सुमारे ७८ हजार मतांनी हिलरी क्लिंटन यांची २८ लाखांची देशव्यापी आघाडी निष्फळ केली.

हे बदलायची सर्वात चांगली संधी १९६९ साली आली होती. इंडियानाचेच सेनेटर बर्च बाय आणि न्यूयॉर्कचे इमॅन्युएल सेलर यांची थेट निवडणुकीची घटनादुरुस्ती प्रतिनिधिगृहात ३३८ विरुद्ध ७० मतांनी मंजूर झाली. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचाही पाठिंबा होता. १९७० साली सेनेटमध्ये, प्रामुख्यानं दक्षिणेतल्या सदस्यांनी, चर्चा लांबवत नेऊन ती मारली. इतकं जवळ येऊन हातची गेलेली ही दुरुस्ती मला या साऱ्या इतिहासातली सर्वात दुखरी जागा वाटते.

एकगठ्ठा नियमाला अपवाद दोनच: मेन १९७२ पासून आणि नेब्रास्का १९९२ पासून जिल्हावार मतं देतात. २०२४च्या सप्टेंबरात नेब्रास्काला पुन्हा एकगठ्ठ्यात ओढायचा प्रयत्न झाला, कारण ओमाहा शहराचं एकटं मत २७० आणि २६९ मधला फरक ठरू शकत होतं; जिंकायला २७० मतं लागतात. नेब्रास्कानं बदल केला तर आम्हीही करू, असं मेनच्या डेमोक्रॅट नेत्या मोरीन टेरी यांनी एप्रिलमध्येच जाहीर केलं होतं; १८०० साली व्हर्जिनिया आणि मॅसॅच्युसेट्समध्ये जे झालं, तेच पुन्हा. ओमाहात तेव्हा घरोघरी अंगणात पांढऱ्या पाट्या उभ्या होत्या. त्यांवर अक्षर एकही नाही, फक्त डेमोक्रॅट्सच्या रंगाचा एक निळा ठिपका. नेब्रास्काच्या विधिमंडळातले सेनेटर माइक मॅकडॉनल यांनी नकार दिला आणि बदल अडला. नोव्हेंबरात नेब्रास्काची चार मतं ट्रम्प यांना गेली, ओमाहाचं एक हॅरिस यांना.