कर्सर पॅनलबाहेर गेलाच नव्हता

जावा स्विंगमध्ये (जावाची खिडक्या-बटणं बनवायची लायब्ररी) ‘माउसएक्झिटेड’ हा इव्हेंट, म्हणजे प्रोग्रॅमला मिळणारी सूचना, आला म्हणजे कर्सर पॅनलबाहेर (बटणं-लेबलं ठेवायच्या चौकटीबाहेर) गेला, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. तसं नाही. कर्सर पॅनलवरच्याच बटणावर सरकला, तरी पॅनलला एक्झिट मिळतो. माउस-लिसनर (माउसचे इव्हेंट ऐकणारा कोड) असलेला सर्वांत वरचा घटकच इव्हेंट घेतो. साध्या जेलेबलला (नुसता मजकूर दाखवणाऱ्या घटकाला) लिसनर नसतो, म्हणून त्यावर कर्सर गेला तरी पॅनलचा हॉव्हरचा रंग (कर्सर वर असताना दिलेला) टिकतो. त्याच लेबलला टूलटिप (कर्सर थांबवल्यावर दिसणारी छोटी टीप) लावा, रंग लगेच जातो! टूलटिपमॅनेजर गुपचूप लिसनर बसवतो ना. (लोक उगाच रिपेंटला, म्हणजे घटक पुन्हा रंगवण्याला, शिव्या घालतात.)

उपाय सोपा: एक्झिटमध्ये ‘पॅनल.कंटेन्स(ई.गेटपॉइंट())’ तपासा, ट्रू आलं (म्हणजे कर्सर अजून पॅनलच्या हद्दीतच आहे) तर तो एक्झिट सोडून द्या. बटण कडेला चिकटलेलं असेल तर मात्र कर्सर तिथूनच बाहेर सटकतो आणि पॅनलला पत्ता लागत नाही. मग बटणालाही लिसनर जोडावा लागतो.