अडलेले आतडे आणि शस्त्रक्रियेपूर्वीचे काही आठवडे

मोठ्या आतड्याचा कर्करोग बहुधा संथपणे वाढतो. शौचाच्या सवयीत बदल, अधूनमधून रक्त, थकवा अशी त्याची लक्षणे असतात आणि ती मूळव्याधीच्या किंवा बद्धकोष्ठाच्या नावावर खपून जातात. काही रुग्णांमध्ये मात्र रोगाचे निदान थेट तातडीच्या विभागात होते: पोट टम्म फुगलेले, शौच आणि वायू दोन्ही बंद, पुढे उलट्या. गाठीने आतड्याची पोकळी बंद केलेली असते. डाव्या बाजूला हे अधिक घडते, कारण तेथे आतडे अरुंद असते आणि मळ घट्ट झालेला असतो.

अशा वेळी खरा धोका गाठीपासून दूर, उजवीकडे असतो. लहान व मोठ्या आतड्यांमधील झडप घट्ट मिटलेली राहिली, तर वायू आणि मळ यांना मागेही जाता येत नाही. दाब वाढत जातो आणि सर्वांत रुंद, पातळ भिंतीच्या अंधांत्रावर, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या भागावर, सर्वाधिक ताण येतो. त्याचा व्यास १२ सेंटिमीटरच्या आसपास गेला की ते फुटण्याची भीती असते. म्हणून पूर्वी एकच मार्ग होता, तो म्हणजे तातडीची शस्त्रक्रिया. फुगलेल्या, मळाने भरलेल्या आतड्याची टोके लगेच जोडणे जोखमीचे असल्याने फ्रेंच शल्यविशारद आंरी हार्टमन यांनी १९२१ मध्ये मांडलेल्या पद्धतीने गाठ काढून वरचे टोक पोटावर आणले जाई. ही ‘पोटावरची पिशवी’ तात्पुरती म्हणून लावली जाते. पण वय आणि इतर आजार यांमुळे अनेकांची ती कधीच निघत नाही.

१९९० च्या दशकात स्टेंटचा पर्याय पुढे आला. निकेल आणि टायटॅनियम यांच्या मिश्रधातूची बारीक जाळीची नळी मिटलेल्या अवस्थेत, दुर्बिणीच्या व क्ष-किरणांच्या साहाय्याने, गाठीतून पलीकडे नेलेल्या तारेवरून सरकवली जाते. मोकळी सोडल्यावर ती आपोआप उलगडते आणि दोन-तीन दिवसांत दोन ते अडीच सेंटिमीटर रुंद होते. पोट मोकळे होते, रुग्ण खाऊ लागतो आणि सुमारे दोन आठवड्यांनी नियोजित शस्त्रक्रिया करता येते.

हे सगळे सरळ वाटते, पण पुरावा तसा सरळ नव्हता. नेदरलँड्समधील ९८ रुग्णांची एक चाचणी स्टेंटच्या गटात गुंतागुंत वाढल्याने मध्येच थांबवावी लागली. तिचा अहवाल २०११ मध्ये आला. स्टेंटमुळे आतड्याला छिद्र पडले तर जीवाला धोका असतोच, शिवाय कर्कपेशी पोटात सांडून रोग परतण्याची शक्यता वाढते. पुढे ब्रिटनच्या ‘क्रेस्ट’ चाचणीने चित्र थोडे पालटले. तातडीच्या शस्त्रक्रियेच्या गटात साधारण दोन तृतीयांश रुग्णांना पिशवी लागली, स्टेंटच्या गटात निम्म्याहून कमी रुग्णांना; आणि तीन वर्षांनंतरच्या जगण्यात फरक आढळला नाही. २०१४ मध्ये बऱ्या होऊ शकणाऱ्या रुग्णांसाठी स्टेंट नेहमीचा उपाय मानू नये असे म्हणणाऱ्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांनी २०२० मध्ये रुग्णाशी चर्चा करून निवडण्याचा पर्याय म्हणून त्याला जागा दिली.

माझ्या मते स्टेंटची खरी देणगी वेळ ही आहे, आणि म्हणूनच तो वेळ कशासाठी वापरावा हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. दोन आठवड्यांत पोट उतरते, पण खंगलेला रुग्ण आणि सुजलेली आतड्याची भिंत यांना तेवढा अवधी पुरेलच असे नाही. बीजिंगमधील शल्यविशारदांनी म्हणून स्टेंटनंतर केमोथेरपीचे दोन-तीन हप्ते देऊन मग शस्त्रक्रिया करण्याचा क्रम अभ्यासला. आतडे अडलेले असताना केमो देणे जवळजवळ अशक्य असते, कारण केमोमुळे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी घटलेल्या असताना तुंबलेल्या आतड्यातील जंतू रक्तात उतरू शकतात. वाट मोकळी झाली की ही अडचण बरीच दूर होते. शिवाय स्टेंटच्या दाबाने कर्कपेशी रक्तात ढकलल्या जात असतील, अशी शंका आहे; औषध लवकर सुरू करण्यामागे तेही एक कारण सांगितले जाते.

शस्त्रक्रियेपूर्वी केमो देण्याला सर्वांत मोठा आधार ‘फॉक्सट्रॉट’ या १,०५३ रुग्णांच्या चाचणीचा आहे. सहा आठवडे आधी केमो घेतलेल्यांपैकी १६.९ टक्के रुग्णांमध्ये दोन वर्षांत रोग उरला किंवा परतला. थेट शस्त्रक्रिया झालेल्यांमध्ये हे प्रमाण २१.५ टक्के होते. तथापि हा आकडा स्टेंट बसवलेल्या रुग्णांना जसाच्या तसा लावणे घाईचे होईल. उलट केमो चालू असताना ४.३ टक्के रुग्णांचे आतडे अडू लागले आणि शस्त्रक्रिया लवकर करावी लागली, हेही त्याच चाचणीत दिसले. स्टेंट आत जितका जास्त काळ राहील, तितकी तो सरकण्याची, पुन्हा बुजण्याची वा भिंत फाडण्याची संधी वाढते. बेव्हॅसिझुमॅबसारखी गाठीचा रक्तपुरवठा तोडणारी औषधे छिद्राचा धोका वाढवतात, म्हणून स्टेंट असताना ती टाळली जातात. छिद्राची लक्षणे आधीच असतील किंवा गाठ गुदद्वाराच्या अगदी जवळ असेल, तर स्टेंटचा विचारच करू नये.

आणखी एक तपासणी येथे निर्णायक ठरते. ज्या गाठींमध्ये डीएनए दुरुस्तीची यंत्रणा बिघडलेली असते, त्यांच्यावर आधी दिलेल्या केमोचा फॉक्सट्रॉटमध्ये फारसा उपयोग झाला नाही. याउलट नेदरलँड्समधील ‘निश-२’ अभ्यासात अशाच गाठींवर शस्त्रक्रियेपूर्वी प्रतिकारशक्ती जागवणारी औषधे दिली, तेव्हा ६८ टक्के रुग्णांच्या काढलेल्या आतड्यात जिवंत कर्कपेशी सापडलीच नाही. असा बिघाड उजवीकडच्या गाठींमध्ये अधिक आढळतो, म्हणजे स्टेंट लागणाऱ्या रुग्णांमध्ये तो कमीच. तरीही स्टेंट बसवतानाच गाठीचा तुकडा घेऊन ही तपासणी करून घ्यावी, म्हणजे पहिला हप्ता ठरवण्याआधी तिचा अहवाल डॉक्टरांच्या हाती असेल.