पिशवीच्या गाठी आणि होमिओपॅथी, हे सगळं आलं कुठून?

सोनोग्राफीत गर्भाशयाच्या पिशवीला गाठ म्हणजे फायब्रॉइड निघाला की आपल्याकडे दोन सल्ले हमखास मिळतात. एक, मुलंबाळं झालीत ना मग पिशवी काढून टाक कटकट नको, आणि दुसरा, ऑपरेशनच्या भानगडीत पडू नकोस, होमिओपॅथी चालू कर, गाठ विरघळते. दुसरा सल्ला देणाऱ्या बायकांना अडाणी म्हणणं मला अजिबात पटत नाही, कारण त्यांची भीती आजची नाही.

1853 साली अमेरिकेत लॉवेल नावाच्या गावात वॉल्टर बर्नहॅम नावाचे सर्जन अंडाशयाची गाठ काढायची म्हणून एका बाईचं पोट उघडतात, क्लोरोफॉर्ममुळे तिला उलटी होते आणि त्या जोरात फायब्रॉइडने भरलेलं गर्भाशय बाहेरच येतं, परत आत जाईना म्हणून काढावं लागतं. ती बाई वाचली. पण त्यानंतर त्यांनी अशी जी ऑपरेशन्स केली त्यातल्या बहुतेक बायका दगावल्या. तेव्हा जंतूंमुळे संसर्ग होतो हे माहीत नव्हतं, रक्त चढवणं रुळलेलं नव्हतं, अँटिबायोटिक तर फार पुढची गोष्ट. त्या काळात चाकू न लावता गाठ घालवतो म्हणणारा डॉक्टर बायकांना देवासारखा वाटला तर नवल काय.

होमिओपॅथी त्याआधीच जर्मनीत सुरू झाली होती, सॅम्युअल हानेमान यांनी 1796 मध्ये मूळ कल्पना मांडली आणि 1810 मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. पण गाठींवर खास जोर दिला तो लंडनचे होमिओपॅथ जेम्स कॉम्प्टन बर्नेट यांनी, 1901 मध्ये ते वारले. ऑरम म्युरिएटिकम नॅट्रोनेटम म्हणजे सोन्याचा क्षार, फ्रॅक्सिनस अमेरिकाना म्हणजे एका झाडाची साल, ही त्यांची आवडती औषधं. बोरिक यांच्या मटेरिया मेडिकात, म्हणजे होमिओपॅथीच्या औषधांची माहिती देणाऱ्या पुस्तकात, बर्नेटचा हवाला देऊन लिहिलंय की गर्भाशयाच्या गाठींवर ऑरमइतकी ताकद दुसऱ्या औषधात नाही, आणि हे पुस्तक आजही आपल्याकडच्या होमिओपॅथच्या टेबलावर असतं. म्हणजे आज दिली जाणारी कितीतरी औषधं त्या काळातल्या एकेका डॉक्टरच्या अनुभवावरून आलीत, तुलना करून तपासलेली नाहीत.

भारतात ही पॅथी रुजली मुख्यतः बंगालमधून, 1867 मध्ये कलकत्त्याचे डॉ. महेंद्रलाल सरकार, स्वतः एमडी असून, जाहीरपणे होमिओपॅथीकडे वळले. पुढे 1973 मध्ये होमिओपॅथीसाठी केंद्राचा कायदा झाला, कॉलेजं निघाली, आणि फी कमी, गोळ्या गोड, डॉक्टर अर्धा तास ऐकून घेतात. ऐकून घेणं ही छोटी गोष्ट नाहीये, पाळीबद्दल बाईला कोण एवढं विचारतं?

आणि दुसऱ्या बाजूला आपलं बीड. ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या पिशव्या ऐन तिशीत काढल्या गेल्या, 2019 मध्ये त्यावर सरकारी चौकशी समिती नेमावी लागली. मग बाई ऑपरेशनला घाबरली तर चूक कुणाची?

पण गाठ विरघळली असं जे सांगतात त्याचं काय? इथे गाठीचा स्वभाव समजून घ्यायला हवा. फायब्रॉइड वाढतो इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनवर, पाळी गेली की बहुतेक आपोआप आकसतो. आपल्याकडे पाळी साधारण 46-47 च्या आसपास जाते, त्यामुळे 44 व्या वर्षी गोळ्या सुरू केल्या आणि तीन वर्षांनी गाठ लहान दिसली तर श्रेय गोळ्यांना जातं. अमेरिकेत 2008 मध्ये छापून आलेल्या अभ्यासात 72 बायकांच्या 262 गाठी एमआरआयने मोजल्या होत्या, त्यात एकाच बाईच्या पोटात एक गाठ वाढतेय आणि दुसरी कमी होतेय असंही दिसलं. शिवाय सोनोग्राफी दोन वेगळ्या सेंटरवर केली तर पाच सेंटिमीटरची गाठ साडेचार येऊ शकते, हातात रिपोर्ट घेऊन आनंदाने रडलेल्या बायका असतात आणि तो आनंद खोटा नसतो, फक्त कारण वेगळं असतं.

आणि या गोळ्यांत औषध असतं तरी किती? 30 पोटन्सीचं औषध म्हणजे शंभर पट पातळ करणं लागोपाठ 30 वेळा, 12 व्या वेळेच्या आसपासच मूळ पदार्थाचा कण उरण्याची शक्यता संपते. ऑस्ट्रेलियाच्या सरकारी संस्थेने 2015 मध्ये सगळे अभ्यास चाळून सांगितलं की होमिओपॅथी परिणामकारक असल्याचा भरवशाचा पुरावा कुठल्याच आजारात नाही.

मधला रस्ताही जुनाच आहे, पण तो बायकांना सांगितलाच जात नाही याचा मला राग येतो. लंडनचे सर्जन व्हिक्टर बोनी, त्यांच्या स्वतःच्या बायकोचं गर्भाशय मूल होण्याआधीच फायब्रॉइडमुळे काढावं लागलं होतं, ते पुढे पिशवी ठेवून फक्त गाठी काढायच्या ऑपरेशनसाठी आयुष्यभर झटले. 1995 मध्ये पॅरिसच्या रॅव्हिना यांनी गाठीचा रक्तपुरवठा बंद करून ती सुकवायची पद्धत छापून आणली. गर्भाशयात बसवायची हार्मोनची टी आहे, अंगावरून कमी जाण्यासाठी ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड आहे, आणि त्रास नसेल तर नुसतं लक्ष ठेवणंही चालतं. गोळ्या घ्यायच्याच असतील तर घ्या बाई, पण तासाला पॅड बदलावा लागत असेल तर त्यांच्या भरवशावर महिने घालवू नका, हिमोग्लोबिन कधी 7 वर येतं ते कळतही नाही.